पावसाळ्यातील घर आणि मुलांची कादंबरी

(पाटण तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाटण तालुक्याच्या पश्चिम अंगास आषाढ-श्रावणात पाऊस कसा कोसळतो, हे येथे जमलेल्यांस सांगण्याचे कारण नाही. नवजा येथे एका वर्षात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. ओढ्याला पाणी आले की वाडी आणि शाळा यांमधील वाट तुटते. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली, तेव्हापासून आईबापांच्या मनातील धास्ती अधिकच वाढली आहे. अतिवृष्टीच्या पट्ट्यातील शाळांना उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यात मोठी सुट्टी देण्याची वहिवाट पडली, ती याच कारणाने. वहिवाट शहाणपणाची आहे. परंतु सुट्टी संपवून मूल ऑगस्टात वर्गात येऊन बसते, तेव्हा शिक्षकाच्या ध्यानात येते की सुट्टीपूर्वी कष्टाने आलेले वाचन निम्मेअधिक पुसून गेले आहे. जे मूल सरळ वाचत होते ते पुन्हा अक्षराअक्षरावर अडखळू लागते. पुढचे दोन महिने गेलेले परत आणण्यात जातात, आणि तोवर सहामाही परीक्षा दाराशी येऊन ठेपते.

या गळतीवर पहिला उपाय सुचतो तो घरच्या अभ्यासाचा. सुट्टीत पाढे लिहून आणा, शुद्धलेखनाची वीस पाने लिहून आणा, असे सांगितले जाते. मुले ती पाने लिहितात, पुष्कळदा शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहितात. वाचन त्याने टिकत नाही. वाचन टिकण्यास वाचावेसे वाटणारे काही घरात असावे लागते आणि ते ऐकणारा कोणी तरी समोर बसलेला असावा लागतो. यातील दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय मुख्यतः तीच आहे.

पुण्या-मुंबईकडे थोडी कुटुंबे अशी आहेत की जी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवितात आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस बसवितात. त्यांचा मार्ग सर्वांनी धरावा असा नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शाळा मिळालीच पाहिजे, हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे, आणि वाडीवरच्या मुलाला शाळेवाचून दुसरा आधार नाही. तथापि अशा कुटुंबांतून एक चाल आढळते, ती घेण्यासारखी आहे. दिवसातील एक ठरलेली वेळ धरून आई किंवा वडील मुलांची एखादी मोठी कादंबरी मोठ्याने वाचतात. रोज एक प्रकरण, असे आठवडेच्या आठवडे. लहान-मोठी सारी भावंडे एकत्र ऐकतात. या वाचनावर प्रश्न नाहीत, गुण नाहीत.

हे ऐकून पाटणचा शिक्षक साहजिकच म्हणेल की, तेथे आईबाप शिकलेले आहेत, घरात पुस्तकांचे कपाट आहे. आमच्या वाडीवर बाप मुंबईस, आई दिवसभर भातलावणीच्या चिखलात आणि घरात उरते ती आजी, जिला अक्षर ओळखत नाही. वाचायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर याच तालुक्याच्या जुन्या घरांत सापडते. या डोंगराळ मुलुखातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत राबला. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे मंद्रुळकोळ्याचेच. १९८२ च्या गिरणी संपाने अनेकांची नोकरी गेली, तरी मुंबईची वाट काही थांबली नाही. त्या काळी मुंबईहून पत्र येई आणि ते वाचून दाखविण्याचे काम घरातील तिसरी-चौथीच्या पोराकडे असे. पोस्टमनने पत्र दिले की आई हातातले काम टाकून येई, आजी काठी टेकीत उंबऱ्यावर बसे, शेजारीण कुडाआडून कान देई. मूल वाचू लागे. चुकले तर आजी म्हणे, पुन्हा वाच. अर्धे वाक्य गिळले तर ती बरोबर ओळखे, कारण मुलाच्या बोलण्याची तऱ्हा तिला ठाऊक असे. 'कळविण्यास आनंद वाटतो' म्हणजे काय, असे ती विचारी आणि मूल घरच्या बोलीत उलगडून सांगे. तेच पत्र आठ दिवसांत चार वेळा वाचविले जाई. अक्षर न येणाऱ्या बाईपुढे बसून ते मूल जे शिके, ते वाचनाचे उत्तम शिक्षण होते. पुनर्वाचन, स्पष्ट उच्चार, अर्थाचा उलगडा या सर्व गोष्टी तेथे होत, आणि त्या कोणी पाठ्यक्रमात घालून दिलेल्या नव्हत्या. पत्रात काय आहे ते घराला मनापासून हवे होते, एवढ्यामुळे त्या घडत.

आता भ्रमणध्वनी आला. बाप रोज बोलतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर वाडीवरच्या मुलाची वाचकाची जागा गेली. घराला त्याच्या वाचनाची गरज उरली नाही. ती गरज पुन्हा निर्माण करावयाची तर पत्राच्या जागी दुसरे काही तरी ठेवले पाहिजे, आणि लांब चालणाऱ्या गोष्टीसारखे दुसरे साधन या कामी दिसत नाही.

वाचून दाखविणाराच शिकतो, याचे एक मोठे उदाहरण या भागातीलच आहे. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांशी विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांचे सारे शिक्षण घरीच आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून झाले. न्यायमूर्तींची दृष्टी अधू होती, यास्तव वर्तमानपत्रे व इतर मजकूर रमाबाई त्यांना वाचून दाखवीत. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना ठाऊक आहे की त्या घरात शिकणे आणि वाचून दाखविणे ही दोन निराळी कामे राहिली नव्हती. ऐकणारा मोठा विद्वान होता हे खरे. आजी विद्वान नाही. पण मुलाला श्रोता हवा असतो, आणि श्रोता म्हणून आजीत काहीही उणे नाही.

एकदा गोष्ट लांब ठेवायची म्हटले की ती कशी चालवावी हा प्रश्न येतो. येथे खेड्याला शिकविण्यासारखे फारसे काही नाही, कारण खेड्यात पोथी लागते. चातुर्मासात श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' देवळात अथवा एखाद्याच्या ओसरीवर चालू असतो. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, वाचणारा एक, अर्थ सांगणारा एक. अध्याय मध्येच सोडावयाचा नाही. काल कोठवर आले होते ते बसलेल्यांपैकी कोणी तरी आधी सांगतो. ज्याला लिहिता येत नाही असा म्हाताराही अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला तेथवरची कथा बिनचूक सांगतो. तीन-चार महिने एक कथा मनात बाळगण्याचा सराव या समाजाला आहे. मराठी कादंबरीदेखील अशीच वाढली. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' साप्ताहिकातून आठवड्या-आठवड्याने येत आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहात. आपल्या मुलांना मात्र शाळेत जे मिळते ते दोन-तीन पानांचे धडे. पाठ्यपुस्तकाची ती मर्यादाच आहे, त्याचा दोष कोणाला देता येत नाही. एका धड्यातील मुलगा दुसऱ्या धड्यात भेटत नाही. एखाद्या माणसाची चाळीस दिवस काळजी वाहावी, उद्या त्याचे काय होणार या विचाराने झोप लागू नये, असा अनुभव त्यांना कादंबरीच देऊ शकते.

कोणते पुस्तक घरी पाठवावे? सुरुवातीस साने गुरुजींच्या 'श्यामची आई'हून सोयीचे पुस्तक नाही. गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याची मांडणीच ऐकण्यासाठी आहे. श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना नावही 'रात्र' असेच आहे. चाळीसाहून अधिक रात्री आहेत, म्हणजे आपली सुट्टी पुरते. त्यातील दापोलीकडचे कोकण पाटणच्या मुलाला परके नाही. कुंभार्ली घाट उतरला की तोच मुलूख सुरू होतो. घरातील अठराविश्वे दारिद्र्य, सावकाराचा तगादा, आईचे आजारपण या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, हे पुस्तक केवळ डोळ्यांत पाणी आणण्याचे यंत्र म्हणून वाचले जाते, तसे वाचू नये. श्याम हट्टी आहे, खोड्या करतो, पोहायला जायचे टाळण्यासाठी लपून बसतो. त्या प्रकरणांना मुले पोट धरून हसतात, आणि हसू दिले तर पुढचे दुःख त्यांना खरे वाटते.

ज्यांना हलके-फुलके हवे त्यांच्यासाठी ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आहे, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहे. त्यांची शिफारस करण्याची आवश्यकता नाही. एकदा घरात शिरले की ती पुस्तके स्वतःची काळजी घेतात.

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी एका पुस्तकाविषयी थोडे अधिक सांगावयाचे आहे, कारण ते लांबच्या देशातील असल्यामुळे शिक्षक ते बाजूला ठेवतात. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेच्या १९३८ मधील कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला अनुवाद 'पाडस' या नावाने मराठीत आहे. फ्लॉरिडातील जंगलात एकाकी शेत करून राहणारे एक गरीब कुटुंब, त्यातील एकुलता मुलगा ज्योडी आणि त्याने वाढविलेले हरणाचे पाडस, एवढीच ती कथा. वाचणाऱ्याला वाटते, फ्लॉरिडा कुठे आणि हेळवाक कुठे! परंतु पुढे काय होते ते पाहावे. पाडस मोठे होते आणि मक्याचे कोवळे पीक खाऊ लागते. मुलगा पुन्हा पेरतो, जिवापाड मेहनत करून कुंपण उंच करतो. हरीण त्यावरूनही उडी मारते. पीक गेले तर वर्षभर खायचे काय, हा प्रश्न उभा राहतो. बाप अंथरुणाला खिळलेला असतो. शेवटी आई बंदूक उचलते, नेम चुकून ते जखमी होते, आणि त्याचा जीव वेदनेतून सोडविण्याचे काम मुलालाच करावे लागते.

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये झाले आणि २०१० पासून तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्याच्या कडेच्या वाडीतील मुलाने रानडुकरांनी एका रात्रीत उलथवलेले शेत पाहिलेले असते, गव्यांचा कळप भातात शिरल्यावर घरातील माणसांनी डबे वाजवीत काढलेली रात्र पाहिलेली असते. 'पंचनामा' हा शब्द त्याला पाठ्यपुस्तकातून शिकावा लागलेला नाही. जंगलातला जीव सुंदर आहे, आणि तोच जीव आपल्या तोंडचा घास नेतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे शहरातील मुलाला 'पाडस' वाचून कळेल. पाटणच्या मुलाला ते आधीच कळलेले असते, फक्त पुस्तकात ते कोणी लिहिलेले त्याने पाहिलेले नसते. आपल्या घरातील अडचण छापील पुस्तकात येऊ शकते, असे दिसताच पुस्तकाकडे पाहण्याची त्याची दृष्टी पालटते. ऐकणारी आजी या ठिकाणी गप्प बसणार नाही. ज्योडीच्या आईचे बरोबर की चूक, यावर त्या घरात वाद होईल. तो होऊ द्यावा.

त्या पुस्तकात एक जागा अशी आहे की शिक्षकाने तेथे आधीच चिठ्ठी लावून ठेवावी. ज्योडीच्या बापाला विषारी साप चावतो आणि तो हरिणी मारून तिच्या काळजाचा तुकडा दंशावर लावतो. त्या काळातील, त्या रानातील तो समज होता. आपल्याकडे सर्पदंश दरसाल होतात. यास्तव चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे की असा कोणताही उपाय करू नये, माणसाला हालचाल न करू देता विनाविलंब सर्पदंशावरील लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. मूल ती चिठ्ठीही मोठ्याने वाचील, आणि घरातील सर्वांच्या कानांवर ती आपोआप जाईल.

आता, या सर्व बेताचा विचका कसा होतो तेही सांगितले पाहिजे. एका वाडीवरील शाळेत शिक्षकाने मोठ्या उत्साहाने सुट्टीपूर्वी पुस्तके वाटली, आणि प्रत्येक पुस्तकासोबत प्रकरणवार प्रश्नांचा कागद दिला. हेतू चांगला होता. वाचले की नाही ते कळावे, इतकाच. पुढे असे आढळले की मुलांनी प्रश्न आधी वाचले, उत्तरे शोधण्यासाठी पाने चाळली, आणि उत्तर सापडताच पुस्तक मिटले. घरात मोठ्याने कोणी वाचले नाही, कारण प्रश्नाचे उत्तर मोठ्याने वाचून सापडत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच शिक्षकाने कागद दिला नाही. सुट्टीनंतर फक्त एवढेच विचारले की, घरात गोष्ट कोणाला आवडली आणि कोण मध्येच झोपून गेले. एका मुलीने सांगितले की आजी रोज झोपते, परंतु दुसऱ्या दिवशी 'माझं राहिलेलं आधी वाच' म्हणते, त्यामुळे प्रत्येक प्रकरण दोनदा वाचावे लागले. त्या मुलीचे वाचन ऑगस्टात कसे होते, याचा अंदाज अनुभवी शिक्षकाला सहज येईल.

वाचन घरच्या बोलीत झाले तर? मूल 'आहे' या छापील शब्दाला 'हाय' म्हणून वाचते. शिक्षक जवळ नसताना ते सुधारणार कोण? सुधारण्याची निकड नाही. वाक्य पुस्तकाचे आणि अर्थ घरच्या बोलीतला, अशी ये-जा रोज होऊ लागली की दोन्ही भाषांची हद्द मुलाच्या ध्यानात आपोआप येते. पोथी सांगणाराही ओवी वाचून अर्थ आपल्या बोलीतच सांगतो.

ज्या मुलाला अद्याप सरळ वाचता येत नाही, त्याच्या घरी पुस्तक देऊन काय उपयोग, अशी शंका येते. तेथे थोरल्या भावंडाने वाचावे. सहावीतील बहीण वाचते आणि दुसरीतील भाऊ तिच्या खांद्यावरून पानाकडे पाहतो, हे चित्र वाडीवर दुर्मीळ नाही. थोरले भावंड नसेल तर शेजारचे. दोन शिक्षकी शाळेत पंधरा मुले असली तरी घरे आठ-नऊच असतात, म्हणून पुस्तके मुलामागे न मोजता घरामागे मोजावीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात पुन्हा भरण्यास डिसेंबर २०२१ उजाडला, त्या काळात मोबाइलवरचे पाठ डोंगराआडच्या वाड्यांपर्यंत पोहोचले नाहीत. तेव्हाही पुस्तक पोहोचवता आले असते. नऊ पुस्तके पिशवीत घालून एक माणूस एका दिवसात पायी वाटून येऊ शकतो.

वेळेविषयी हट्ट धरू नये. लावणीच्या दिवसांत आई दमून येते, तेव्हा जेवणानंतरची पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली. वीज गेली असेल तर चुलीजवळ किंवा बॅटरीच्या उजेडात चालते. लावणी संपून श्रावण लागला की घरेच अधिक वेळ मागतात. ज्या दिवशी बाप मुंबईहून भ्रमणध्वनीवर बोलतो, त्या दिवशी त्यालाही एक पान वाचून दाखवावे, असे मुलांना सुचवून ठेवावे. कित्येकांना ते आवडेल, काहींना वेळ नसेल.

एक शेवटची व्यवहारातील गोष्ट. या दमट हवेत पुस्तकाला बुरशी येते. पेटीत बंद ठेवल्यास लवकर येते. म्हणून घरी पाठविताना पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत द्यावे, पण घरी पोहोचल्यावर पिशवीतून काढून चुलीच्या वरच्या फळीवर, धूर लागेल पण ठिणगी लागणार नाही अशा जागी ठेवण्यास सांगावे. ऑगस्टात ते परत येईल तेव्हा त्याला धुराचा वास असेल, कडा पिवळ्या पडलेल्या असतील, एखाद्या पानावर तेलाचा डाग असेल आणि मध्येच कोठे तरी खूण म्हणून घातलेली भाताची काडी असेल. असे पुस्तक परत घेताना मुलाला दंड करू नये. ग्रंथालयाच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात 'खराब' असे न लिहिता काडी कोणत्या पानावर होती तो आकडा लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या सुट्टीत तेच पुस्तक त्याच घरी द्यावयाचे की नवे, हे ठरविता येईल.